भाव बदलला की स्क्रीन आपोआप बदलावी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मोबाईल आणि डेस्कटॉप ॲपची स्क्रीन रिॲक्टिव्ह पद्धतीने कशी बांधायची, यावर नाशिक आणि आसपासच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत. कोड मुद्दाम छापलेला नाही. ऑपरेटर (येणाऱ्या माहितीवर एकेक काम करणारे टप्पे; ते जोडले की साखळी होते) कोणत्या क्रमाने लावायचे आणि का, हे कळलं की भाषा कॉटलिन असो, स्विफ्ट, डार्ट की सी शार्प, लिहायला फार वेळ लागत नाही.

प्रश्न: रिॲक्टिव्ह प्रोग्रॅमिंग म्हणजे रिॲक्ट नावाची लायब्ररीच का? आणि ‘स्ट्रीम’ म्हणजे नक्की काय? (कॉलेज रोड, नाशिक)

नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सेल उघडा. एका खान्यात वजन लिहा, 22.4 क्विंटल. शेजारी भाव, 1,650 रुपये. तिसऱ्या खान्यात गुणाकाराचं सूत्र. तिथे 36,960 दिसतील. आता भाव 1,710 करा. तिसऱ्या खान्याला हात न लावता तिथे 38,304 येतात. रक्कम म्हणजे वजन गुणिले भाव, हे नातं तुम्ही एकदाच सांगितलं. ते सांभाळायचं काम एक्सेलचं. 1979 साली आलेल्या व्हिजिकॅल्कपासून हिशेबनीस हेच वापरत आले आहेत, फक्त त्याला कुणी रिॲक्टिव्ह म्हणत नव्हतं.

प्रोग्रॅमिंगमध्ये हा विचार 1997 साली कोनल एलियट आणि पॉल हुडाक यांनी ॲनिमेशनसाठी नीट मांडला. पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये एरिक मायर यांच्या गटाने आरएक्स (रिॲक्टिव्ह एक्स्टेन्शन्स) ही लायब्ररी तयार केली आणि नेटफ्लिक्सने ती जाव्हात आणली. 2013 साली खुली झालेली रिॲक्ट ही स्क्रीन काढणारी लायब्ररी आहे: स्टेट, म्हणजे त्या क्षणीची माहिती, द्या, ती त्यावरून स्क्रीन बनवते. फ्लटर (1.0 आवृत्ती 2018), स्विफ्टयूआय (2019) आणि जेटपॅक कम्पोज (1.0 आवृत्ती 2021) याच घराण्यातले.

स्ट्रीम म्हणजे वेळेनुसार एकामागून एक येणाऱ्या व्हॅल्यूंची रांग. तिच्यातून तीनच गोष्टी येऊ शकतात: पुढची व्हॅल्यू, एरर, किंवा ‘संपलं’ असा निरोप. एरर किंवा ‘संपलं’ आलं की त्यानंतर काहीही येत नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा, खालच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न: बाजार समित्यांचे कांदा भाव दाखवणारं अँड्रॉइड ॲप बनवलंय. सर्च बॉक्समध्ये ‘लासलगाव’ टाईप केलं की कधी कधी भलत्याच गावांची यादी येते. शिवाय एकदा नेट गेलं की परत आल्यावरही सर्च चालत नाही, ॲप बंद करून उघडावं लागतं. (लासलगाव)

हे दोन वेगळे दोष आहेत. दोन्हींची मुळं मात्र एकाच साखळीत आहेत, म्हणून साखळी सुरुवातीपासून बघू.

समजा माणसाने 0 मिलिसेकंदाला ‘ल’, 120 ला ‘ला’, 250 ला ‘लास’ आणि 400 ला ‘लासल’ लिहिलं. प्रत्येक बदलाला रिक्वेस्ट पाठवली, तर सर्व्हरकडे चार रिक्वेस्ट गेल्या. मोबाईल नेटवर्कवर उत्तरं पाठवलेल्या क्रमाने परत येतील याची हमी नसते. ‘लासल’चं उत्तर 900 ला आलं, यादी बरोबर दिसली. मग 1,900 ला रेंगाळलेलं ‘ला’चं उत्तर आलं आणि बरोबर यादीच्या उरावर बसलं. हीच तुमची भलती गावं. वायफायवर उत्तरं पटापट येतात, म्हणून घरी तपासताना हे सहसा दिसत नाही.

उपाय दोन ऑपरेटरचा आहे. पहिला डिबाउन्स, 300 मिलिसेकंद. टायपिंग थांबून तेवढा वेळ गेला की मगच व्हॅल्यू पुढे जाते. वरच्या उदाहरणात 700 ला एकच ‘लासल’ बाहेर पडेल. दुसरा फ्लॅटमॅपलेटेस्ट, ज्याला आरएक्समध्ये स्विचमॅप म्हणतात. नवा शब्द आला की तो जुनी रिक्वेस्ट सोडून देतो आणि नवीच धरतो. नुसता फ्लॅटमॅप लावाल तर सगळी उत्तरं चालू राहतात आणि दोष कायम राहतो. नुसता डिबाउन्सही पुरत नाही: माणूस 300 मिलिसेकंद थांबून पुन्हा लिहायला लागला, तर दोन रिक्वेस्ट हवेत असतातच.

डिबाउन्सनंतर आधी ट्रिम (पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढणं), मग डिस्टिंक्टअंटिलचेंज्ड (आधीचीच व्हॅल्यू पुन्हा आली तर अडवणारा ऑपरेटर) लावा. कुणी ‘लासल’वरून ‘लासलग’ करून लगेच एक अक्षर खोडलं, तर डिबाउन्समधून पुन्हा ‘लासल’च येतो आणि तीच यादी दुसऱ्यांदा मागवण्याचं कारण उरत नाही. हा ऑपरेटर डिबाउन्सच्या आधी ठेवला तर त्याला मधले सगळे वेगवेगळे शब्द दिसतात, त्यामुळे तो काहीच अडवत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: बॉक्स रिकामा केल्यावर 300 मिलिसेकंद जुनी यादी दिसत राहणं बरं वाटत नाही. फ्लो, म्हणजे कॉटलिनमधली स्ट्रीम, तिच्या डिबाउन्सला प्रत्येक व्हॅल्यूप्रमाणे वेगळा वेळ देता येतो. रिकाम्या शब्दाला 0 द्या.

आता नेट गेल्याचा दोष. रिक्वेस्टची एरर साखळीतून खाली आली आणि वर सांगितल्याप्रमाणे अख्खी स्ट्रीमच संपली. सर्च बॉक्स दिसतो, अक्षरं उमटतात, पण ऐकणारं कुणी राहिलेलं नाही. साखळीच्या अगदी शेवटी कॅच (एरर पकडणारा ऑपरेटर) लावून हे सुटत नाही, कारण तिथे पोचेपर्यंत वरचा भाग बंद झालेला असतो. कॅच फ्लॅटमॅपलेटेस्टच्या आत, त्या एका रिक्वेस्टलाच लावायचा आणि एररचं रूपांतर ‘यादी मिळाली नाही’ अशा साध्या व्हॅल्यूत करायचं. म्हणजे ती रिक्वेस्ट संपते, बाहेरची साखळी जिवंत राहते. आत साधा ट्राय-कॅच लिहून सगळेच एक्सेप्शन गिळत असाल तर थांबा. कोरूटीन (कॉटलिनमध्ये मागे चालणारं काम) रद्द झाल्याचा निरोपही एक्सेप्शन म्हणूनच येतो. तो गिळला की सोडून दिलेली रिक्वेस्टही ‘यादी मिळाली नाही’ म्हणू पाहते. रद्द झाल्याचा निरोप तसाच पुढे फेका.

हे दुरुस्त केलंत की तिसरा दोष उघडा पडेल, तो आत्ताच सांगतो. ‘पुन्हा प्रयत्न करा’ बटण दाबलं तरी शब्द तोच असल्याने डिस्टिंक्टअंटिलचेंज्ड त्याला पुढे सोडणार नाही. म्हणून शब्दासोबत प्रयत्नाचा क्रमांक ठेवा. बटण दाबलं की क्रमांक एकाने वाढतो, जोडी बदलते आणि रिक्वेस्ट जाते.

प्रश्न: त्याच प्रकारच्या ॲपमध्ये मराठी टाईप करताना अक्षरं उड्या मारतात, मात्रा गळते, कधी शब्द दोनदा उमटतो. इंग्रजीत क्वचितच होतं. (सिडको, नाशिक)

टाईप केलेला मजकूर स्टेटफ्लोमध्ये (शेवटची व्हॅल्यू धरून ठेवणाऱ्या फ्लोमध्ये) टाकून, तिथून फिरवून परत त्याच टेक्स्टफिल्डला देत असाल. त्या फेरीत थोडा उशीर होतो. मराठी कीबोर्डवर, विशेषतः इंग्रजी अक्षरं लिहून मराठी शब्द बनवणाऱ्या कीबोर्डवर, शब्द पक्का होईपर्यंत कीबोर्ड आणि बॉक्स यांचं आपसात बोलणं चालू असतं. मध्येच तुम्ही जुना मजकूर परत दिलात की कीबोर्डचा हिशेब चुकतो. कम्पोजमध्ये बॉक्सचा मजकूर साध्या म्यूटेबलस्टेटमध्ये किंवा टेक्स्टफिल्डस्टेटमध्ये ठेवा, जो त्याच क्षणी बदलतो. स्ट्रीम तिथून पुढे काढा, म्हणजे सर्चसाठी मजकूर बाहेर जाईल, पण फिरून बॉक्सकडे येणार नाही.

सर्चच्या जुळणीबद्दलही सांगायला हवं. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणूनही लिहिलं जातं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही, मध्ये कधी न दिसणारा जोडक असतो. डोळ्याला सारखं दिसतं, कॉम्प्युटरला वेगळं. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने (वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं तेच अक्षर एकसारखं करण्याने) हे दोन एक होत नाहीत, तो बदल स्वतः करावा लागतो. ‘र’ला नुक्ता देऊन लिहिलेला ‘ऱ’ मात्र एनएफसी नॉर्मलायझेशनने एक होतो. हे सगळं ट्रिमच्या जोडीला, डिस्टिंक्टअंटिलचेंज्डच्या आधी करा.

प्रश्न: कारखान्यातल्या ट्रकच्या वजनकाट्यासाठी सी शार्पमध्ये डब्ल्यूपीएफ (विंडोजवर खिडक्या बनवायची मायक्रोसॉफ्टची पद्धत) प्रोग्रॅम लिहिलाय. काटा सिरीयल पोर्टवर सेकंदाला साधारण 10 वेळा वजन पाठवतो. आकडा नाचतो, मध्येच थ्रेडची एरर येते, केबल हलली की प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावा लागतो. स्थिर वजन कसं ओळखायचं? (अंबड, नाशिक)

आधी आकडा नाचण्याचं कारण बघू. काट्याने ‘018450’ पाठवलं, म्हणजे 18,450 किलो. पण सिरीयल पोर्टची ‘डेटा आला’ ही सूचना ओळ पूर्ण झाल्यावरच येते असं नाही. एका सूचनेत ‘018’ मिळेल, पुढच्या सूचनेत ‘450’ आणि ओळ संपल्याची खूण. प्रत्येक तुकड्याचा आकडा केलात तर स्क्रीनवर आधी 18 आणि मग 450 दिसणार. म्हणून पहिला टप्पा फक्त जोडण्याचा: ओळ संपल्याची खूण येईपर्यंत अक्षरं साठवा, पूर्ण ओळ झाली की ती एक व्हॅल्यू म्हणून पुढे सोडा. लांबी ठरलेल्या लांबीपेक्षा वेगळी निघाली तर ती ओळ टाकून द्या. पोर्ट मधूनच उघडल्यामुळे पहिली ओळ बहुतेक वेळा अर्धीच मिळते.

थ्रेडची एरर येते कारण ती सूचना वेगळ्या थ्रेडवर येते आणि डब्ल्यूपीएफच्या खिडकीला फक्त तिच्या स्वतःच्या थ्रेडवरूनच हात लावता येतो. साखळीत स्क्रीनच्या अगदी आधी ऑब्झर्व्हऑन लावून यूआय थ्रेड द्या. त्याच्या खालचं सगळं त्या थ्रेडवर चालतं, वरचं नाही. म्हणून जोडणी आणि गणित त्याच्या वर ठेवा. सबस्क्राईबऑनचा इथे उपयोग नाही. साखळी कुठे सुरू होते तेवढंच तो ठरवतो, आणि पोर्टची सूचना यायची त्याच थ्रेडवर येत राहते.

खिडकी अडकत असेल तर दोष काट्याच्या वेगाला देऊ नका. 9600 बॉडवर सेकंदाला जास्तीत जास्त 960 अक्षरं येतात. आजच्या कॉम्प्युटरला ते काहीच नाही. डेटाबेसमध्ये नोंद करणं किंवा पावती छापणं यूआय थ्रेडवर चाललंय का, ते शोधा. दाखवायच्या आकड्याला सॅम्पल (ठरलेल्या वेळाने शेवटची व्हॅल्यू उचलणारा ऑपरेटर) लावा, 200 मिलिसेकंद, म्हणजे आकडा वाचता येईल इतक्या शांतपणे बदलतो. इथे नावाचा एक सापळा आहे. आरएक्सच्या सी शार्प आवृत्तीत थ्रॉटल नावाचा ऑपरेटर प्रत्यक्षात डिबाउन्सचं काम करतो. 100 मिलिसेकंदांनी वजन येत असताना 200 चा थ्रॉटल लावला, तर शांतता कधी मिळतच नाही आणि स्क्रीन गोठल्यासारखी दिसते.

स्थिर वजनासाठी बफर घ्या: शेवटची 20 वजनं, प्रत्येक नव्या वजनाला एकाने सरकणारी. म्हणजे साधारण दोन सेकंदांची खिडकी. तिच्यातल्या सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान वजनातला फरक काट्याच्या एका भागाइतका किंवा कमी असेल (10 किलोच्या भागाचा काटा असेल तर 10 किलो) आणि वजन 500 किलोच्या वर असेल, तर ‘स्थिर’ म्हणा. 500 किलोची अट नसेल तर रिकामा काटाही स्थिर ठरतो.

स्थिर झालं की आपोआप नोंद करावी, असं अनेकांना वाटतं. आमचं मत उलट आहे. ड्रायव्हर खाली उतरला की वजन 60-70 किलोंनी घटतं आणि दोन सेकंदांनी पुन्हा ‘स्थिर’ होतं. कोणतं वजन खरं, हे काट्यावरच्या माणसाने ठरवायला हवं. ‘स्थिर’ने फक्त ‘नोंद करा’ बटण चालू करा. बटणाच्या स्ट्रीमला विथलेटेस्टफ्रॉम लावून त्या क्षणीचं वजन उचला. तिथे कम्बाईनलेटेस्ट चुकूनही नको. तो वजन बदललं तरी पुढे ढकलतो, त्यामुळे एकदा बटण दाबल्यावर पुढच्या प्रत्येक वजनाची नोंद होत राहील.

केबलसाठी: पोर्ट उघडणं साखळीच्या आतच, यूझिंगमध्ये ठेवा, म्हणजे साखळी तुटली की पोर्टही बंद होतो. मग 2 सेकंद थांबून रिट्राय. पोर्ट बंद न करता रिट्राय केलात तर दुसऱ्या वेळी ‘परवानगी नाही’ असं उत्तर मिळतं, कारण पोर्ट तुमच्याच जुन्या साखळीने धरून ठेवलेला असतो.

प्रश्न: द्राक्षबागेतल्या हवामान यंत्राचं तापमान आणि आर्द्रता दर 10 सेकंदांनी ॲपमध्ये येतं. ॲप मागे टाकलं तरी मोबाईल गरम होतो, बॅटरी उतरते. सर्व्हरवर एकाच मोबाईलची तीन-चार कनेक्शन दिसतात. (दिंडोरी)

तुमची स्ट्रीम ‘कोल्ड’ आहे. जो ऐकायला येईल त्याच्यासाठी ती नवं कनेक्शन उघडते. वरचा आकडा आणि खालचा आलेख वेगवेगळे ऐकत असतील तर दोन कनेक्शन झाली, मोबाईल आडवा केल्यावर जुनं सोडलं नसेल तर आणखी दोन. व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीन आडवी-उभी झाली तरी टिकणाऱ्या भागात) स्टेटइन लावून एकच सामाईक स्ट्रीम करा आणि वाइलसबस्क्राइब्डला 5,000 मिलिसेकंद द्या. मोबाईल आडवा-उभा व्हायला पाच सेकंद लागत नाहीत, त्यामुळे कनेक्शन टिकतं. ॲप खरंच मागे गेलं तर पाच सेकंदांनी ते बंद होतं. पण स्क्रीनच्या बाजूने कलेक्टॲजस्टेटविथलाइफसायकल हवं. साधं कलेक्टॲजस्टेट ॲप मागे गेलं तरी ऐकतच राहतं आणि पाच सेकंदांची मोजणी सुरूच होत नाही.

फ्लटरमध्ये हाच दोष बिल्डमध्ये स्ट्रीम तयार केल्याने येतो, कारण बिल्ड कितीही वेळा चालतं. स्ट्रीम इनिटस्टेटमध्ये बनवा, स्वतः ऐकत असाल तर डिस्पोजमध्ये कॅन्सल करा. आयफोनवर कम्बाइन वापरणाऱ्यांनी असाइनला ‘सेल्फ’ देताना जपावं. तो ऑब्जेक्ट घट्ट धरून ठेवतो आणि स्क्रीन बंद झाली तरी मेमरीतून जात नाही.

प्रश्न: फवारणीच्या नोंदीचा फॉर्म आहे: प्लॉट, औषध, लिटरमागे मात्रा, टाकीतलं पाणी, शेरा. चार रकाने भरले तरी ‘जतन करा’ बटण चालू होत नाही. प्लॉट बदलला की क्षणभर चुकीचं प्रमाण दिसतं. (निफाड)

कम्बाईनलेटेस्ट सगळ्या स्ट्रीममधून निदान एक-एक व्हॅल्यू आल्याशिवाय काहीच सोडत नाही. शेरा ऐच्छिक आहे, कुणी लिहिला नाही, म्हणून सगळं अडलं. प्रत्येक रकान्याला स्टार्टविथने रिकामी सुरुवात द्या. झिप लावून बघू नका. तो पहिल्याची पहिली, दुसऱ्याची पहिली अशा जोड्या लावतो आणि फॉर्ममध्ये त्याला काही अर्थ नाही.

चुकीचं प्रमाण असं येतं: प्लॉटवरून क्षेत्र आणि प्लॉटवरून टाकी अशा दोन स्ट्रीम काढून तुम्ही त्या पुन्हा एकत्र केल्या. आरएक्समध्ये प्लॉट बदलला की कम्बाईनलेटेस्ट दोनदा चालतो. पहिल्यांदा क्षेत्र नवं आणि टाकी जुनी. लिटरला 2 ग्रॅम आणि 200 लिटरची टाकी, तर 400 ग्रॅम हवेत. जुनी टाकी 500 लिटरची असेल तर क्षणभर 1,000 ग्रॅम दिसतात. औषधाच्या मात्रेच्या बाबतीत असा क्षणही परवडत नाही. प्लॉटच्या एकाच मॅपमधून क्षेत्र आणि टाकी एकत्र काढा, म्हणजे मधली अवस्था जन्मालाच येत नाही.

प्रश्न: 2027 च्या सिंहस्थासाठी मुक्कामाचं बुकिंग करणारं ॲप करतोय. नेट संथ असलं की लोक बटण दोनदा दाबतात आणि दोन बुकिंग होतात. (पंचवटी)

इथे स्विचमॅप धोक्याचा आहे. तो पहिली रिक्वेस्ट सोडतो, पण ती सर्व्हरवर पोचून गेलेली असू शकते. एक्झॉस्टमॅप लावा: पहिलं काम चालू असताना आलेले टॅप तो टाकून देतो. सोबत बटण बंद करा आणि ‘बुकिंग चालू आहे’ असं दाखवा, नाहीतर माणूस ॲप बंद करून पुन्हा येईल. त्या प्रसंगासाठी प्रत्येक बुकिंगला मोबाईलवरच एक वेगळा क्रमांक बनवून साठवा आणि प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवा. तो क्रमांक आधी आलेला असेल तर सर्व्हरने नवं बुकिंग न करता जुनीच पावती परत द्यायची. स्नानाच्या दिवशी टॉवरवर ताण असणारच. हा सर्व्हरचा भाग टाळून फक्त ॲपमध्ये हा दोष सुटत नाही.

प्रश्न: सगळं ॲप स्ट्रीमवरच बांधायचं का? (सातपूर)

नको. सेटिंग्जची स्क्रीन, एकदा वाचून दाखवायची माहिती, एका बटणाला एक काम, इथे साधं फंक्शन वाचायला सोपं पडतं. वेळ, क्रम, रद्द करणं किंवा अनेक स्रोत यांपैकी काही आलं की स्ट्रीम घ्या. नवं अँड्रॉइड ॲप असेल तर फ्लो पुरे, त्यासाठी वेगळी आरएक्सजाव्हा आणायची गरज नाही. चालू ॲपमध्ये आरएक्सजाव्हा नीट चालत असेल तर केवळ फॅशन म्हणून काढूही नका.

प्रश्न: 300 मिलिसेकंदांचा डिबाउन्स टेस्टमध्ये कसा तपासायचा? स्लीप टाकलं तर टेस्ट कधी पास, कधी फेल. (गंगापूर रोड, नाशिक)

खरं घड्याळ वापरूच नका. कॉटलिनमध्ये रनटेस्ट आणि आरएक्समध्ये टेस्टशेड्युलर आभासी घड्याळ देतात, आणि ते तुम्ही पुढे सरकवाल तेवढंच सरकतं. ‘लास’ द्या, घड्याळ 299 ने सरकवा, रिक्वेस्ट शून्य असायला हव्यात. आणखी 2 ने सरकवा, एक हवी. मग बनावट सर्व्हरला ‘ला’चं उत्तर ‘लासल’च्या नंतर द्यायला लावा आणि यादी ‘लासल’चीच राहते का ते बघा. ही टेस्ट डिबाउन्सच्या साखळीत शेड्युलर बाहेरून दिला असेल तरच चालते. आत कुठे खरा शेड्युलर लिहून ठेवला असेल, तर आभासी घड्याळ कितीही सरकवलं तरी तो हलत नाही.